श्वासाचे यंत्र आणि आपला माणूस



लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि साखर उतारा यांविषयी या पानांवर आपण नेहमीच वाचता. आज विषय थोडा वेगळा आहे. परंतु गाळप हंगाम असो की पावसाळा, प्रत्येक गावात वर्षाकाठी दोन-चार घरांना तरी या विषयाशी गाठ पडतेच. रात्री-अपरात्री फोन येतो आणि पलीकडून कुणीतरी सांगतो, "आण्णांना आयसीयूत घेतलंय." एवढ्या एका वाक्याने घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणतो, "आता संपलं." दुसरा म्हणतो, "मोठ्या दवाखान्यात नेलंय, आता काळजी नाही." या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. म्हणून अतिदक्षता विभाग म्हणजे नेमके काय, तिथे काय चालते, काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे सरळ भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

अतिदक्षता म्हणजे काय?

नावातच अर्थ आहे. दक्षता म्हणजे लक्ष ठेवणे, आणि अतिदक्षता म्हणजे क्षणोक्षणी लक्ष ठेवणे. आपल्या कारखान्यातला बॉयलरवरचा माणूस पाहा. वाफेच्या दाबाच्या काट्यावरून तो नजर हलवत नाही. काटा जरा चढला किंवा उतरला की तो लगेच हात घालतो, तास-दोन तासांनी बघू असे म्हणत नाही. अतिदक्षता विभागात रोग्याच्या शरीराचे काटे असेच बघितले जातात. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, रक्तातला प्राणवायू आणि शुद्ध यांच्यावर तिथे सतत नजर असते. साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पुष्कळ रोगी असतात. इथे श्वासाच्या यंत्रावरच्या रोग्याजवळ शक्य तो एक परिचारिका पूर्ण पाळीभर असावी, असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट अशी, की अतिदक्षता विभाग स्वतः रोग बरा करतो असे नाही. तो शरीराला वेळ मिळवून देतो. फुप्फुसे दमली तर यंत्र श्वास देते, मूत्रपिंडे बंद पडली तर डायलिसिसचे यंत्र रक्त धुते, रक्तदाब खाली गेला तर पंपातून औषध थेंबाथेंबाने जाते, अगदी आपल्या ठिबकसारखे. या टेकूच्या आधारावर शरीर उभे राहते आणि तेवढ्या अवधीत मूळ रोगावर औषध लागू पडते, किंवा शरीर आपले आपण सावरते. पडू घातलेल्या भिंतीला आपण टेकू देतो आणि मग पाया दुरुस्त करतो, तसेच हे. पाया दुरुस्त होण्यासारखा असेल तर टेकूचा उपयोग आहे. पायाच उरला नसेल तर नुसता टेकू किती दिवस ठेवणार, हा प्रश्न पुढे येतो. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

हा विभाग आला कुठून?

ही गोष्ट डेन्मार्क देशातली आहे. १९५२ साली तिथल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओने पाय लुळे पडतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण काही रोग्यांच्या श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडत. ब्लेगडॅम रुग्णालयात साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत असे ३१ रोगी आले आणि त्यांतले २७ तीन दिवसांच्या आत दगावले. त्या वेळची श्वासाची यंत्रे म्हणजे लोखंडी पेटी. तीही रुग्णालयात एकच होती, आणि छातीवर बसवायची छोटी यंत्रे सहा होती. रोज येणाऱ्या रोग्यांना ती कुठून पुरणार?

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावले गेले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाला भूलतज्ज्ञ रबरी पिशवी दाबून श्वास देतो. इब्सेन यांनी तीच रीत पोलिओला लावली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये, मरणाच्या दारात असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद घेऊन त्यांनी श्वासनळीत नळी बसवली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाक दिली गेली. सुमारे १,५०० विद्यार्थी आळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले आणि महिनोन् महिने, दिवसरात्र हाताने पिशव्या दाबत राहिले. साथ ऐन भरात असताना एकाच वेळी ७० रोग्यांना असा हाताने श्वास दिला जात होता. आधी शंभरातले सत्त्याऐंशी दगावत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आले.

या अनुभवातून एक शहाणपण मिळाले. असे रोगी वेगवेगळ्या वॉर्डांत विखरून ठेवण्यापेक्षा एका जागी आणावेत, तिथे सर्व साधने असावीत आणि चोवीस तास माणूस असावा. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात असा स्वतंत्र विभाग सुरू केला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात ही. आपल्या रुग्णवाहिकेत डॉक्टर दाबतात ती ‘अंबू बॅग’सुद्धा १९५६ साली डेन्मार्कमध्येच तयार झाली. तेव्हा यंत्रे नंतर आली. आधी आले ते माणसाचे हात आणि माणसाचे लक्ष.

आपल्या महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली पोरेबाळे तिथे पटापट दगावत. या डॉक्टरांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, दाब आणि छाती यांच्या तासातासाच्या नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यातून ध्यानात आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले. शंभरातले चाळीस दगावत होते, ते प्रमाण एकापर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीला काही वातानुकूलित आयसीयू नव्हता, पण दक्षता होती.

मण्यार चावली तर

आता आपल्या शिवारातल्या गोष्टीकडे वळू. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतली बहुतेक खेड्यातली. आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणस चावलेल्याची मूत्रपिंडेही बंद पडू शकतात आणि डायलिसिस लागते. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर जाते व स्नायू लुळे पाडते.

मण्यारीची तऱ्हा विशेष फसवी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, वेदना फारशी नाही, सूज नाही, कित्येकदा खूणसुद्धा दिसत नाही. उसाच्या फडाशेजारी कोपीत, पाचटाच्या बिछान्यावर झोपलेल्या तोड मजुराला तर मुंगी चावली असेच वाटते. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात, "रात्रीचं काही बाधलं असेल, ओवा दे." मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. शब्द बोबडे येतात, थुंकी गिळवत नाही, मान धरवत नाही. शेवटी श्वास थांबतो. तेव्हा पहाटेची पोटदुखी आणि जडावलेल्या पापण्या या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की साप पाहिला नसला तरी मण्यार समजावी आणि थेट दवाखाना गाठावा.

दवाखान्यात सर्पविषावरची लस देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि आपल्याकडे मिळते ती वरील चारही सापांवर चालते. सुरुवातीला साधारण दहा बाटल्या लागतात, आणि मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण साप काही मूल बघून कमी विष सोडत नाही. परंतु एक मर्यादा लक्षात ठेवावी. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. मण्यारीच्या विषाने नसांच्या टोकांना जी इजा झाली ती लस भरून काढू शकत नाही. ती टोके पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. तोवर श्वास कोण घेणार? इथे यंत्र हवे. दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडा, क्वचित त्याहून जास्त. नसा सावरल्या की माणूस उठून बसतो आणि बहुधा पूर्ण बरा होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मण्यारीच्या गंभीर दंशात माणूस दगडासारखा पडून असतो. डोळे उघडत नाहीत, बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, चिमटा काढला तरी हात हलत नाही. बघणाऱ्याला वाटते, यात काही उरलेले नाही. पण आत तो जागा असू शकतो. त्याला ऐकू येत असते. नुसते स्नायू बंद पडलेले असतात. अशा वेळी तिसऱ्या दिवशी "यंत्रावर ठेवून काय उपयोग, घरी नेऊ" असे म्हणून नळी काढायला लावली, तर दोन दिवसांनी उठून चहा मागणारा माणूस आपण आपल्या हाताने घालवला, असे होते. म्हणून सर्पदंशाच्या रोग्याबाबत घाई नको. त्याच्या उशाशी उभे राहून निर्वाणीचे बोलूही नये. "घाबरू नको, यंत्र तुझा श्वास घेतंय, चार दिवसांत हलायला लागशील," असे त्याच्या कानाशी सांगावे.

फवारणीचे विष

दुसरा प्रसंग कीटकनाशकाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण वाचले असेल. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी औषधे पोटात गेली, श्वासातून गेली किंवा कातडीतून भिनली तरी एकच परिणाम होतो. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर लागते, नाडी मंदावते. यावर ॲट्रोपिन हे औषध देतात. ते दर पाच मिनिटांनी वाढवत नेतात आणि छाती कोरडी झाली की थांबवून मग हळूहळू पंपातून चालू ठेवतात. हे काम रोग्याजवळ बसूनच करावे लागते.

यातही एक फसवणूक आहे. दुसऱ्या दिवशी रोगी शुद्धीवर येतो, बोलतो. नातेवाईक म्हणतात, "आता बरा झाला, बिल वाढतंय, सोडा." पण या विषात एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. रोग्याला उशीवरून मान उचलता येईना, हे त्याचे पहिले लक्षण. अशा वेळी रोगी घरी असेल तर रात्रीत श्वास थांबतो. दवाखान्यात असेल तर यंत्र लावून वाचतो. डॉक्टर चार-पाच दिवस थांबवून घेतात ते यासाठी. त्यांना विचारावे जरूर, पण परस्पर नेऊ नये.

विष अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण ती छातीत जाते. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. आणि हे विष रागाच्या भरात किंवा कर्जाच्या विवंचनेत कुणी स्वतः घेतले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला उपचार व आधार मिळावा असे सांगितले आहे. पोलीस येईपर्यंत उपचार अडून राहू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ सालचा निर्णय आहे. मन खचलेल्या माणसाला बोलण्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक आहे. घरातल्या कुणाला गरज वाटली तर लाज न बाळगता तो लावून द्यावा.

नळ्यांची भाषा

आत गेल्यावर नातेवाइकाला धडकी भरते ती नळ्यांनी. प्रत्येक नळीला काम आहे. तोंडातून श्वासनळीत गेलेली नळी यंत्राला जोडलेली असते. ती आवाजाच्या पडद्यांमधून जाते म्हणून रोग्याला बोलता येत नाही. त्याची वाचा गेलेली नसते. नाकातली नळी पोटात अन्न देण्यासाठी. मानेजवळची नळी मोठ्या शिरेत, जोरकस औषधे देण्यासाठी. लघवीची नळी ताशी किती लघवी होते हे मोजण्यासाठी. साठ किलोच्या माणसाला ताशी निदान तीस मिलिलिटर लघवी व्हावी असा ठोकताळा आहे. ती कमी झाली की मूत्रपिंड किंवा रक्तदाब कमी पडतोय, हा इशारा समजतात.

रोग्याचे हात कधी मऊ पट्टीने बांधलेले दिसतात. ती शिक्षा नव्हे. अर्धवट शुद्धीत तो नळी ओढून काढील म्हणून तसे करतात. आठ-दहा दिवस झाले की डॉक्टर गळ्याला छेद घेऊन नळी बसवू म्हणतात. "गळा कापणार" ऐकून घरचे हादरतात. ही शेवटची पायरी नाही. तोंडातल्या नळीपेक्षा ती सुखाची असते, कफ काढणे सोपे जाते आणि यंत्र सोडवायला मदत होते. काम झाले की नळी काढतात आणि भोक आपोआप बुजते.

यंत्रांवर दिवे लागतात, घंटा वाजतात. प्रत्येक घंटा धोक्याची नसते. रोगी हलला, तार निसटली तरी वाजते. परिचारिकेला कोणती घंटा कशाची हे कळते. तिच्या चेहऱ्याकडे बघावे, यंत्राकडे नव्हे.

खरे काम परिचारिकेचे

डॉक्टर निर्णय घेतात, पण रोगी जगतो तो परिचारिकेच्या हातांवर. दर दोन तासांनी कूस बदलणे, नाहीतर पाठीला जखमा होतात. उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवणे, नाहीतर पोटातले छातीत जाते. तोंड स्वच्छ करणे, कफ ओढून काढणे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालणे, तासातासाला कागदावर नोंद करणे. वजनकाट्यावरची पावती चुकली तर आपण किती भांडतो! इथला एक आकडा चुकला तर माणूस जाऊ शकतो. म्हणून पाळी बदलताना ‘चार्ज’ दिला-घेतला जातो, त्या वेळी नातेवाइकांनी मध्ये बोलू नये.

आत जाताना हात धुवा असे सांगतात तो उपचार नव्हे, शिष्टाचारही नव्हे. आयसीयूतला रोगी मूळ दुखण्यातून उठतो आणि जंतुसंसर्गाने जातो, असे घडते. तिथले जंतू पुष्कळ औषधांना दाद देत नाहीत. म्हणून गावातून टेम्पो भरून माणसे नेऊन सगळ्यांनी आत डोकावणे हे प्रेम असले तरी रोग्याच्या हिताचे नाही. वीस माणसे जिन्यात बसण्यापेक्षा दोघे जण पाळी लावून थांबावेत आणि बाकीच्यांनी घरची धार काढावी, उसाला पाणी द्यावे. तीही मदतच आहे.

मात्र जो एक जण आत जातो त्याने रोग्याशी बोलावे. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, झोप मोडते, औषधांची गुंगी असते. त्यामुळे चांगली माणसेही भ्रमिष्टासारखी बडबडतात, घरच्यांवर संशय घेतात. वय झालेल्यांना हे अधिक होते. हे वेड नाही, बहुतेकांचे हळूहळू उतरते. "आबा, मी धाकटा. आज मंगळवार, सकाळचे दहा वाजलेत," असे सांगावे. चष्मा, कानातले यंत्र परिचारिकेला विचारून लावून द्यावे. ओळखीचा आवाज हेही औषध आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

घरातून एकच माणूस ठरवावा. त्याने रोज भेटावे आणि बाकीच्यांना सांगावे. पाच जणांनी पाच वेळा विचारले की पाच अर्थ निघतात. "वाचेल का?" या प्रश्नाला प्रामाणिक डॉक्टर होय-नाही देऊ शकत नाही. त्यापेक्षा असे विचारावे:

१) कोणकोणते अवयव कमी पडत आहेत?

२) श्वासाचे यंत्र किती प्राणवायू देते आहे? साध्या हवेत तो २१ टक्के असतो. यंत्रावरचा आकडा शंभराकडून चाळिसाकडे उतरत असेल तर फुप्फुसे सुधारत आहेत.

३) रक्तदाबाचे औषध वाढले की कमी झाले?

४) लघवी कशी आहे? शुद्ध कशी आहे?

५) येत्या दोन दिवसांत काय घडावे अशी तुमची अपेक्षा आहे, आणि ते घडले नाही तर पुढे काय?

हे रोज एका वहीत लिहावे. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. चार दिवसांची ओळ पाहिली की गाडी चढाला आहे की उताराला, ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पैशाचा प्रश्न

हा लपवण्यात अर्थ नाही. एका आयसीयूपायी दावणीची जनावरे विकली गेलेली, उसाचे बिल यायच्या आत संपलेले आपण पाहतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे: हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता या नावाने आहे, आणि शासनाने २०२३ साली कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मंजूर केले. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला गाठावे. आपला आजार योजनेत बसतो का, ते तो सांगतो. शिवाय धर्मादाय संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, असा नियम आहे. तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज करावा.

एवढे करूनही पैसा पुरत नसेल तर तसे डॉक्टरांना तोंडावर सांगावे. यात कमीपणा नाही. रोग्याला यंत्रावरून काढून घरी नेण्याऐवजी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवता येते. मात्र आधी तिथे फोन करून यंत्राची खाट मोकळी आहे याची खात्री करावी, सोबत प्राणवायू आणि पिशवी दाबणारा जाणकार माणूस असावा, सर्व कागद घ्यावेत. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. वाटेत श्वास थांबण्याचा धोका असेल तर जीपगाडीपेक्षा तिची वाट पाहिलेली बरी. पण ती यायला फार उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने रोग्याला कुशीवर निजवून जवळच्या दवाखान्यात न्यावे.

थांबावे कधी?

हा सर्वांत अवघड भाग. काही आजारांत टेकू कितीही दिला तरी पाया दुरुस्त होणार नसतो. शेवटच्या अवस्थेतला कर्करोग, पूर्ण थकलेले शरीर, एकामागून एक बंद पडलेले अवयव. अशा वेळी यंत्रे श्वास चालू ठेवतात, पण माणूस परत येत नाही. तेव्हा डॉक्टरांशी बसून बोलावे: या उपचाराने त्याला बरे वाटेल, की त्याचे हालच लांबतील? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. डॉक्टरांची दोन मंडळे रोग्याची स्थिती तपासतात, घरच्यांची संमती घेतात आणि मग निष्फळ उपचार थांबवता येतात. माणूस शुद्धीत असताना आपली इच्छा लेखी करून ठेवू शकतो. उपचार थांबवले म्हणजे रोग्याला टाकून दिले असे नाही. वेदना कमी करणे, घसा ओला ठेवणे, जवळ बसणे हे चालूच राहते.

मेंदूमृत्यू ही निराळी बाब. मेंदूचे काम कायमचे थांबले की, यंत्राने हृदय धडधडत असले तरी, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार तो मृत्यू ठरवता येतो. त्यासाठी चार डॉक्टर निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतात. विष, गुंगीचे औषध किंवा मण्यारीचा दंश यांनी तसे भासत तर नाही ना, हे आधी तपासणे बंधनकारक असते. तेव्हा कुणी वाटेतल्याने "मेंदू गेला" म्हटले तर त्यावर जाऊ नये. तपासणी झाली का, एवढे विचारावे. झाली असेल आणि खात्री पटली असेल, तर आपल्या माणसाच्या मूत्रपिंडाने किंवा यकृताने दुसऱ्या घरातला माणूस जगू शकतो, याचाही शांतपणे विचार करावा.

घरी आल्यावर

आयसीयूतून आलेला माणूस अशक्त असतो. अंथरुणावर पडून स्नायू झपाट्याने झिजतात. चालायला, जिना चढायला आठवडे लागतात. रात्री दचकणे, विसरभोळेपणा, उदासी काही महिने राहू शकते. "बरा झालास ना, मग चल मोटार चालू करायला" अशी घाई करू नये. डाळ, अंडी, दूध असा सकस आहार, रोज थोडे थोडे चालणे आणि फेरतपासणी चुकवू नये.

शेवटी हंगामाच्या दृष्टीने एक विनंती. ऊसतोड टोळ्या आपल्या फडात उतरतात तेव्हा त्यांच्या कोपीत शक्य तिथे बाजा द्याव्यात, नाहीतर निदान मच्छरदाणी द्यावी आणि ती अंथरुणाखाली नीट खोचायला सांगावी. रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात असावी. साप चावल्यास कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. आपल्या गावाजवळ लस कुठे मिळते आणि श्वासाचे यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे, हे शेतकी मदतनिसांना विचारून आजच लिहून ठेवावे आणि १०८ क्रमांकासह तो कागद गट कार्यालयात आणि मुकादमाच्या कोपीत लावावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा लेख कुणीतरी वाचून दाखवावा. विशेषतः मण्यारीचा भाग दोनदा वाचावा. त्यातल्या जडावलेल्या पापण्या ज्याच्या ध्यानात राहतील, तो एखाद्या पहाटे टोळीतल्या कुणाचा तरी जीव वाचवील.